पद्मिनीला मान, मग व्हॅनला का नाही?

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की प्रीमियर पद्मिनीचं नाव आधी येतं, आणि त्यात वावगं काही नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती घडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची मुदत संपली, तेव्हा लोक मनापासून हळहळले. २०१९ मध्ये मारुती ओम्नीचं उत्पादन थांबलं, तेव्हा तेवढी हळहळ झाली नाही. हिंगोली जिल्ह्याचा मोटारीचा इतिहास लिहायचा तर मात्र पहिला मान या व्हॅनचा आहे. परभणीतून हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत पद्मिनी बनायची थांबली. १९८४ साली आलेली व्हॅन मात्र जिल्हा झाल्यावरही पुढे वीस वर्षं नवी कोरी मिळत राहिली, एमएच ३८ पासिंगची.

दोघींची घडण पाहिली की फरक उलगडतो. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. लांबी जवळपास चार मीटर, पण पुढे बॉनेट, मागे डिकी, आणि माणसांच्या वाट्याला मधली जागा. व्हॅन जेमतेम ३.३७ मीटर. मारुती ८०० चंच ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन तिला बसवलं, तेही पुढच्या सीटखाली. मेस्त्री सीट उचलतो आणि कामाला लागतो. नाकच नसल्यामुळे उरलेली सगळी लांबी वापरात येते. मागची सीट काढली की सपाट तळावर हळदीची पोती रचता येतात. सीट परत बसवली की तीच गाडी घरच्यांना घेऊन औंढा नागनाथला किंवा नर्सीला निघते. दरवाजा बाजूला सरकतो, त्यामुळे अरुंद गल्लीत भिंतीला खेटून उभी केली तरी माणूस उतरतो. शेती आणि संसार एकाच गाडीवर चालवणाऱ्या घराला हेच हवं असतं.

व्हॅन धोक्याची होती, हा आक्षेप खरा आहे आणि तो सौम्य करून सांगू नये. चालकाचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये पत्र्याखेरीज फारसं काही नव्हतं. सुरक्षेचे नियम कडक झाले आणि तिला जावं लागलं, ते योग्यच झालं. पण पद्मिनीचा आराखडाही एअरबॅगच्या कितीतरी आधीचा, आणि त्यावरून तिचा मान कुणी काढून घेत नाही. गाडी आज रस्त्यावर असावी का आणि ती जपावी का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

खरी अडचण आहे ती वारसा ठरवण्याच्या मापात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राहिलेली, मोठे फेरफार न झालेली बिगरव्यावसायिक गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. त्या हिशेबाने सगळ्यात जुन्या व्हॅनची पन्नाशी २०३४ मध्ये भरेल. पण गॅस किट बसवलेली, बाकं टाकून शाळेची मुलं नेणारी, रुग्णवाहिका झालेली व्हॅन मूळ रूपात राहणार कशी? हे माप शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीच्या सोयीचं आहे, राबलेल्या गाडीच्या नाही. कामाच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग हवा. त्यात फेरफार हा दोष न धरता गाडीच्या इतिहासाचा भाग म्हणून नोंदवला जावा. आणि हे २०३४ उजाडण्याआधी व्हायला हवं, कारण भंगारवाला तोवर थांबणार नाही.