तिसऱ्या मजल्यावरचं घर

बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली अकरा गृहकर्जाच्या टेबलावर. माणसं घामेजल्या हातांनी फायली पुढे सरकवायची आणि मी चष्मा नाकावर ओढून विचारायचो, ‘मूळ करारनामा कुठाय? सोसायटीचं भागपत्र?’ मधला एखादा कागद गहाळ असला की प्रकरण परत. या कडकपणाचा शाखेत लौकिक होता. २०१७ साली निवृत्तीच्या पैशांतून मुलुंड पूर्वेला स्वतःसाठी घर घेतलं, तेव्हा तो लौकिक निम्म्याच कामाला आला.

इमारत १९७४ची. चार मजले, लिफ्ट नाही. आमचं घर तिसऱ्यावर. खिडकीशी बकुळ, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा आणि बाहेरची खोली अशी, की बारा पानांची पंगत सहज बसावी. सौ. तिथेच भाळली. जेवढं क्षेत्रफळ सांगितलं, तेवढं टेप लावून मोजून मिळालं, म्हणून मीही भाळलो.

विकणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या. यजमानांच्या पश्चात सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून त्यांचं नाव लागलेलं, त्यामुळे आपणच मालक अशी त्यांची समजूत. काउंटरवर शेकडो जणांना सांगितलेलं त्यांनाही सांगितलं : नॉमिनीच्या नावावर भागपत्र चढतं, पण इतर वारसांचा हक्क त्यानं संपत नाही. मुलगा नागपूरला, मुलगी न्यू जर्सीला. दोघांची हक्कसोडपत्रं हवीत, तीही नोंदवलेली. मुलीचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन येईपर्यंत चार महिने गेले. बाई दर शनिवारी फोन करत. ‘तुम्ही घेताय ना हो नक्की?’ मुलगा आईचा फोनच घेत नसे. अखेर तो नोंदणी कार्यालयात आला, अंगठा टेकवला, फोटो काढून घेतला आणि आईशी अक्षरही न बोलता स्टेशनकडे चालू लागला. बाईंनी किल्ली पदरानं पुसून सौ.च्या हातात दिली.

शिवाय कागदातलं एक कुसळ होतंच. पहिला करार साध्या स्टॅम्पपेपरवर होता, पण तो १० डिसेंबर १९८५ पूर्वीचा. त्याआधी फ्लॅटच्या करारावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागत नसे. बाईंच्या यजमानांनी मात्र १९८८ साली पहिल्या मालकाकडून घेतलं होतं आणि तिथे मुद्रांक अपुरा. तूट, वर दरमहा २ टक्क्यांनी चढलेला दंड. बाईंकडे मागायला जीभ रेटेना, मीच भरला. पुढे २०२३च्या अखेरीस सरकारनं अशा जुन्या दस्तांसाठी अभय योजना आणली. आमचं नशीब नेहमीच असं वेळेआधी उगवतं!

घर ताब्यात आलं आणि पहिल्याच पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या देव्हाऱ्यावर थेंब पडत होते. आमच्या मोरीखालचे जुने लोखंडी पाइप आतून गंजून पार अरुंद झालेले. लादी उखडली, कोबा फोडला, सगळी नळजोडणी बदलली. प्लंबरनं दिलेला अंदाज आणि अखेरचं बिल यांत मुलाची मुंज झाली असती. काकू दीड महिना बोलल्या नाहीत.

आणि खरी चूक माझी. घर बघायला गेलो तेव्हा सोसायटीचं महिन्याचं बिल पाहून खूश झालो होतो : इतकं कमी! बँकेतल्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती. सभासदांनी वर्षानुवर्षं सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी कसाबसा ठेवला होता, म्हणून ते बिल कमी. ताळेबंद मागायचं मला सुचलं नाही, कर्जदाराकडे हटकून मागितला असता. २०२२ साली जिन्यातल्या छताचे पोपडे पडले. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडून बाहेर येते. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला स्थैर्याचं प्रमाणपत्र महापालिकेला द्यावं लागतं. तपासणीत आम्ही ‘सी-२बी’त बसलो, म्हणजे घरं रिकामी न करता मोठी दुरुस्ती. निधीत खडखडाट. प्रत्येक घराला २ लाख ४० हजार. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी सभेत हप्ते मागितले, तेव्हा कुणी वर पाहिलं नाही. मीही नाही.

पुनर्विकासाचा विषय निघतो, पण जमीन अजून मूळ बिल्डरच्याच नावावर. १९६३च्या कायद्याखाली सोसायटी नोंदली की चार महिन्यांत ती नावावर करून द्यायची असते. बिल्डर टाळतात म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. आमचा अर्ज आत्ता कुठे तयार होतोय.

तोवर सौ.चे गुडघे. घर घेताना अठ्ठावन्नच्या बाईला तीन जिने जड वाटले नव्हते. आता ती दर वळणावर थांबते. गेल्या दिवाळीपासून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी स्टूल आलंय. काकूंनी ठेवलं. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन सौ. तिथे टेकते, काकू दार उघडतात आणि मग वर माझा चहा थंड होतो.