शेकडा दोन म्हणजे वर्षाला किती?

गरीब घरातल्या मुलांना पैशाचे व्यवहार शिकवायचे म्हटलं की बोलणं बहुतेक वेळा काटकसरीवरच येतं. वडापाव कमी खा, रिचार्ज जपून वापर, थोडं थोडं बाजूला टाक. या सल्ल्यामागेच पहिला गैरसमज आहे, तो म्हणजे या मुलांना पैसा हाताळता येत नाही. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी मुकादमाकडून घेतलेली उचल, त्यातली फिटलेली रक्कम आणि अंगावर राहिलेली बाकी तोंडपाठ सांगते. धुणीभांडी करणाऱ्या आईचा मुलगा खाडे वजा करून तिचा पगार काढतो, वाण्याची वही जुळवतो, भिशीचा नंबर कधी लागणार हे लक्षात ठेवतो. हिशेब त्यांना येतोच. अडतं ते बँक, शिष्यवृत्ती आणि कर्ज यांच्या नियमांपाशी, कारण त्या नियमांशी घरात याआधी कुणाचा संबंधच आलेला नसतो. मग ऐकीव माहितीवर निर्णय होतात, आणि ती चुकीची निघाली की सावरायला हाताशी काही नसतं.

‘पासबुक ज्या बँकेचं, तिथेच शिष्यवृत्ती येणार’

महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून येणारी शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकावरून जमा होते. ती कुठल्या बँकेत जाईल हे पासबुकाच्या झेरॉक्सवर ठरत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे, तिथे ती जाते. एका आधारपुढे एका वेळी एकाच बँकेची नोंद असते, आणि शेवटची नोंद धरली जाते. सिमकार्ड घेताना कुणी अंगठा घेऊन पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं आणि त्या वेळी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात येण्यासाठी, संमतीही घेतली, तर पुढची शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन पडते. मुलगा मात्र गावच्या बँकेत पासबुक भरून घेत राहतो.

खात्याच्या केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी आधार जोडणं, म्हणजे सीडिंग, वेगळं. ‘आधार लिंक आहे’ असं काउंटरवरून सांगितलं तर कशासाठी लिंक आहे, हे विचारलंच पाहिजे. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की बँकेचं नाव दिसतं. ते चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा अर्ज द्यायचा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधीच हे पाहून घ्यावं.

आणखी एक. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो. आलेली सगळी रक्कम आपल्या खर्चासाठी आहे असं समजून ती घरच्या नडीला वापरली गेली, की कॉलेज फी मागतं आणि कागदपत्रं अडतात. हा दोष त्या मुलाचा नाही. कुठली रक्कम कशासाठी, हे त्याला कुणी फोडून सांगितलेलंच नसतं.

ही रक्कम ठेवायला ‘बेसिक’ बचत खातं पुरतं. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, म्हणून त्यासाठीचा दंडही नाही. साधं खातं असेल तर त्याच बँकेत लेखी अर्ज करून ते बदलून मागता येतं.

‘बँक दहा टक्के घेते, सावकार पाचच’

सावकाराचे शेकडा पाच हे महिन्याचे असतात आणि बँकेचे दहा टक्के वर्षाचे. शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के, शेकडा दोन म्हणजे 24. दोन्ही दर वर्षाच्या मापात आणल्याशिवाय तुलना करूच नये. बचत गटही पुष्कळदा शेकडा दोननेच कर्ज देतो, पण ते व्याज गटातच राहतं आणि त्यात आईचाही वाटा असतो. बिनपरवाना सावकारी तर महाराष्ट्राच्या 2014च्या कायद्याने गुन्हाच आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

फसवणूक सरळ दिसणाऱ्या आकड्यातही असते. समजा, मोबाइलसाठी 10,000 रुपयांचं कर्ज ‘12 टक्के फ्लॅट’ दराने वर्षासाठी घेतलं. एकूण फेड 11,200, महिन्याचा हप्ता साधारण 933. वरवर पाहता हे बारा टक्केच. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण दहा हजारांवर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंग फी कापली असेल तर त्याहूनही वर.

हे गणित प्रत्येकाला करता येईल असं नाही, आणि त्याची गरजही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्ज देण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा कागद द्यायचा आहे. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, असंही त्याच नियमात आहे. तेव्हा तो मराठीत मागावा आणि मिळेपर्यंत सही करू नये. माझ्या मते दहावीच्या वर्गात प्रत्येक मुलाने असा एक कागद हातात घेऊन वाचला पाहिजे.

‘क्लासने हप्ते करून दिले’

अनेकदा हप्ते क्लासने करून दिलेले नसतात. फायनान्स कंपनी पालकांच्या नावावर कर्ज काढते, फी एकदम क्लासला देते आणि हप्ते पालकांकडून घेते. मुलाने दोन महिन्यांत क्लास सोडला तरी कर्ज चालूच राहतं. फॉर्मवर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव आहे का, एवढं सहीआधी पाहावं.

‘जमीन नाही, मग शैक्षणिक कर्ज कसलं?’

बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. केंद्राच्या पतहमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतचं कर्जही विनातारण देता येतं. आई किंवा वडील सहकर्जदार होतात, पण सातबारा हवाच असं नाही. शाखेत नकार मिळाला तर कारण लेखी मागावं.

याच्या उलटा गैरसमजही तेवढाच पक्का आहे, की शिक्षण संपेपर्यंत काही द्यायचंच नसतं. अभ्यासक्रम आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र पहिल्या उचलीपासून लागतं. चार वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख, 10 टक्क्यांनी घेतले, तर पाच वर्षांअखेर नुसतं सरळव्याज 1,40,000 होतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था निकषांत बसत असतील, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून या काळातलं व्याज सरकार भरतं. हे अनुदान आपोआप मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून कर्जाचा अर्ज करतानाच बँकेत त्याबद्दल बोलून ठेवायचं.

‘खातं नुसतं वापरायला दिलं, त्यात काय?’

महिन्याला काही हजार मिळतील, एटीएम कार्ड आणि सिम दे, असं सांगणारे कॉलेजच्या आसपास भेटतात. त्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. पोलीस आधी पोहोचतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याकडे. खातं गोठतं, आणि शिष्यवृत्तीही त्यातच असेल तर तीही अडकते. कुणी खातं, कार्ड किंवा ओटीपी घेतलाच असेल, तर लगेच बँकेला कळवावं आणि 1930 वर फोन करावा.

‘पतसंस्था म्हणजे बँकच’

मुलीच्या कॉलेजसाठी जमवलेले पैसे एखादा टक्का जास्त मिळतो म्हणून गावच्या पतसंस्थेत ठेवले जातात. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेत, त्यांनी गरजेला माणसं उभी केली आहेत. पण बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण असतं. फेब्रुवारी 2020 पूर्वी ते एक लाख होतं. नागरी सहकारी बँकांना ते लागू आहे. पतसंस्थांना आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांना ते नाही. पैसे भरण्याआधी पावतीवरचं पूर्ण नाव आणि शाखेतला ठेव विम्याचा फलक पाहून घ्यावा.