रबराच्या देशांतील नवें पीक

मलाया म्हटलें कीं आपल्याकडील जुन्या मंडळींस रबर आणि कथील हींच दोन नांवें आठवत. सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानाचा चालक रिडले हा रबर लावा म्हणून मळेवाल्यांच्या मागें इतका लागे कीं लोक त्यास वेडा म्हणत. पण त्याच झाडांनीं पुढें साऱ्या देशाचा संसार चालविला. १९५७ सालीं देश स्वतंत्र झाला (१९६३ पासून तो मलेशिया) तेव्हां मालाचा भाव ठरे परक्या बाजारांत, आणि कृत्रिम रबर स्पर्धेस उभें ! ज्या गृहस्थाची सारी मिळकत एकाच कुळावर अवलंबून, त्यास सुखाची झोंप कोठून लागावी ?

पिनांग बेटाची दशा तर अधिकच बिकट झाली. तेथील मुक्त बंदराची सवलत १९६९ च्या सुमारास गेली, व्यापार मंदावला, आणि घरोघर तरुण मुलें रिकामीं बसलीं. त्याच वर्षीं मुख्य मंत्री झालेले लिम चोंग यू हे पेशानें डॉक्टर. त्यांनीं परदेशी कंपन्यांस करमाफीचें आमंत्रण दिलें, आणि १९७२ पासून विमानतळाजवळ, बायान लेपास येथें, भातखाचरांच्या जागीं कारखाने उभे राहूं लागले. इंटेलनें अमेरिकेबाहेरील आपला पहिला कारखाना त्याच वर्षीं पिनांगला काढला.

या कारखान्यांतील हात बहुतांशीं तरुण मुलींचे होते. खेड्यांतून आलेल्या, भाड्याच्या खोलींत अनेकजणी मिळून राहणाऱ्या. सूक्ष्मदर्शकास डोळा लावून केंसाहूनही बारीक सोन्याची तार सिलिकनच्या इवल्याशा तुकड्यास जोडावयाची, हें त्यांचें काम. पाळी कधीं दिवसाची, कधीं रात्रीची. पगारांतील वांटा घरीं जाई. आणि ज्या गांवांत हा पैसा जाई तेथेंच या मुलींच्या चालीविषयीं कुजबुज चाले! ही कुजबुज आपल्या घरांस अगदींच अपरिचित आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या काळीं मलेशियांतील कारखान्यांत एक चमत्कारिक प्रकार घडे. एखाद्या मुलीच्या अंगांत येई, तिची किंकाळी ऐकून शेजारणींच्याही येई, आणि काम बंद पडे. मग व्यवस्थापक मांत्रिकास बोलावीत; तिकडे त्यास बोमो म्हणतात. यंत्रें विलायती आणि शांति मांत्रिकाची ! मानववंशशास्त्रज्ञ ऐवा ओंग या विदुषीनें या प्रकाराचा अभ्यास केला. तिला त्यांत कामाच्या जाचाविरुद्धचा आक्रोश दिसला. आम्हांसही तेंच सयुक्तिक वाटतें. पोरींस भूतबाधा झाली म्हणणें सोपें असतें. पाळ्यांचें वेळापत्रक तपासणें कठीण.

आज जगांतील चिपांच्या जुळणीचें व तपासणीचें सुमारें १३ टक्के काम मलेशियांत होतें. शेती नाहींशी झाली असें मात्र नव्हे. रबराच्या पुष्कळ मळ्यांत आतां तेल-ताड उभे आहेत, आणि त्या तेलांत इंडोनेशियाच्या खालोखाल मलेशियाचाच क्रम लागतो. उणीव आहे ती निराळीच. चिपेचा आराखडा बहुधा परक्याचा, म्हणून नफ्याचा मोठा वांटाही त्याचाच. ही उणीव भरून काढण्यासाठीं २०२४ सालीं सरकारनें ६०,००० कुशल अभियंते तयार करण्याचा संकल्प सोडला. परंतु खाडीपलीकडील सिंगापुरांत पगार अधिक मिळतो, आणि येथें शिकून तयार झालेलीं पुष्कळ माणसें तो पूल ओलांडून तिकडेच जातात.