ग्रंथवाचक, इलेक्ट्रॉनीय

पुस्तकांचा मजकूर अंकीय स्वरूपात साठवून तो कागदासारख्या दिसणाऱ्या पटलावर वाचावयास देणारे, हातात मावणारे उपकरण. यास ‘ई-वाचक’ असेही म्हणतात. संगणक, टॅब्लेट वा मोबाइल यांवरही पुस्तक वाचता येते. परंतु ई-वाचकात वाचनाखेरीज इतर सोयी जवळजवळ नसतात. ही त्याची उणीव नसून बहुतेक ग्राहकांच्या दृष्टीने तेच त्याचे आकर्षण होय.

अमेरिकेत १९९८ मध्ये ‘रॉकेट ई-बुक’ व ‘सॉफ्टबुक’ ही उपकरणे विक्रीस आली. त्यांत द्रव स्फटिक पटल वापरलेले होते. किंमत जास्त आणि उपलब्ध पुस्तके थोडी, यांमुळे ती टिकली नाहीत. खरा पालट घडला तो इलेक्ट्रॉनीय शाईमुळे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ जेकबसन व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी स्थापन झाली. या शाईत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात धन विद्युत् भारित पांढरे कण व ऋण विद्युत् भारित काळे कण तरंगत असतात. कुपीखालील विद्युत् अग्र धन केल्यास पांढरे कण वर ढकलले जातात व तो ठिपका पांढरा दिसतो. ऋण केल्यास काळे कण वर येतात. एकदा वर आलेले कण वीजपुरवठा थांबल्यावरही तेथेच राहतात. त्यामुळे पान उलटतानाच काय ती वीज खर्च होते आणि विद्युत् घटमाला एकदा भारित केली की कित्येक दिवस पुरते. हे पटल स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरचा प्रकाश परावर्तित करते. म्हणून ते भर उन्हातही वाचता येते. पान बदलताना पटल क्षणभर काळे होते, ते मागील अक्षरांची छटा पुसण्यासाठी. नव्या वाचकास हे प्रथम खटकते.

ही शाई वापरणारे पहिले उपकरण ‘लिब्रिए’ हे सोनी कंपनीने जपानमध्ये २००४ साली विक्रीस आणले. त्यावर घेतलेले पुस्तक ६० दिवसांनी वाचता येईनासे होई. पुस्तकाचे पैसे मोजून ते परत करण्याची ही रीत लोकांना रुचली नाही, यात नवल नाही. १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनचे ‘किंडल’ ३९९ डॉलर किंमतीस बाजारात आले व पहिला साठा साडेपाच तासांत संपला. सुमारे २०० पुस्तके मावणारे हे यंत्र ३०० ग्रॅमपेक्षाही हलके होते. परंतु त्याचे यश मुख्यतः बिनतारी जोडणीचे होते. संगणकाच्या मदतीवाचून, वेगळे शुल्क न देता, पुस्तक मिनिटभरात हाती येई. अक्षरे हवी तेवढी मोठी करता येणे ही सोय वृद्धांना व मंददृष्टी वाचकांना विशेष उपकारक ठरली. २०११ मध्ये या यंत्राची सर्वांत कमी किंमत ७९ डॉलरपर्यंत उतरली.

मालकीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. छापील पुस्तक विकत घेणारा ते दुसऱ्यास देऊ वा विकू शकतो. ई-पुस्तकाच्या खरेदीदारास सामान्यतः केवळ वाचनाचा परवाना मिळतो. जुलै २००९ मध्ये, विक्रेत्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते या कारणावरून, ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या यंत्रांतून पुस्तके दुरूनच काढून घेतली. त्यांत जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही सर्वंकष पाळतीवरील कादंबरी असावी, हा योगायोग बोलका आहे. कंपनीने नंतर क्षमा मागितली. पुस्तकाची प्रत संगणकावर उतरवून यंत्रात घालण्याची सोयही तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

मराठी पुस्तकांना किंडलवर अधिकृत स्थान डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती व मलयाळम् यांच्याबरोबर मिळाले. देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी बसविणे हे रोमन लिपीच्या मानाने अवघड असते. छापील पानाचे नुसते छायाचित्र घेतल्यास अक्षरे लहानमोठी करता येत नाहीत व ओळी पटलाच्या रुंदीप्रमाणे नव्याने जुळत नाहीत. परदेशस्थ मराठी वाचकांस टपालखर्चावाचून पुस्तक मिळणे, हा या सोयीचा विशेष लाभ होय. नकाशे, तक्ते व मोठी रंगीत चित्रे असलेल्या ग्रंथांसाठी मात्र सुमारे १५ सेंमी. कर्णाचे प्रचलित पटल अपुरे पडते.