उतरायची वेळ आधीच ठरवा : डोंगरावरच्या शर्यतीकडून धंद्याचे चार नियम



पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धावताना आपल्याला शेवगावात नेहमी दिसतात. पण त्यांचा रस्ता सपाट. पुण्याकडे ‘एसआरटी अल्ट्रा’ नावाची शर्यत होते. ती सिंहगड, राजगड आणि तोरणा अशा तीन किल्ल्यांच्या वाटेनं धावायची असते. इंग्लंडमध्ये डोंगरावरच्या अशा धावण्याला ‘फेल रनिंग’ म्हणतात. तिथं पायांत किती दम आहे हे पाहण्याआधी सुरक्षेचे नियम पाहिले जातात. नवा धंदा टाकणाऱ्यानं ते समजून घ्यावेत, म्हणून आजचा विषय.

नियम मोडले की काय होतं ते आधी सांगतो. २२ मे २०२१. चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत. १७२ जण धावायला उतरले. जोराच्या वाऱ्याचा इशारा आदल्या रात्रीच आला होता, तरी शर्यत सुरू झाली. डोंगरावर अचानक गारा, बर्फासारखा पाऊस आणि वादळ. वारा अडवणारं जाकीट सक्तीचं नव्हतं, त्यामुळे बरेच जण पातळ कपड्यांत होते. थंडीनं २१ जण गेले. त्यात नावाजलेले धावपटूही होते. एका मेंढपाळानं सहा जणांना गुहेत नेऊन, शेकोटी करून वाचवलं.

आता नियम बघा.

१. सक्तीचं सामान. जाकीट, शिट्टी, नकाशा, होकायंत्र, थोडं जादा खाणं. ऊन असलं तरी आयोजक हे सोबत ठेवायला लावू शकतो. धंद्यात हे सामान म्हणजे राखीव पैसा. समजा, तीन लाखांत लाकडी घाणा टाकताय. मग त्यातले पन्नास हजार मशीनला लावायचे नाहीत. २०२४ च्या सुमारास आपल्या तालुक्यात शेअर मार्केटच्या नावाखाली लोकांचे किती पैसे बुडाले, ते आपण पाहिलंय. ज्यानं घरातलं सगळंच लावलं, त्याच्या अंगावर जाकीट नव्हतं.

२. कट-ऑफ. ठरलेल्या ठाण्यावर ठरलेल्या वेळेत पोचला नाहीत, तर तुम्हाला थांबवतात. “अजून दम आहे” म्हणून चालत नाही. ही वेळ शर्यतीआधीच ठरते, कारण दमलेल्या माणसाला नीट निर्णय घेता येत नाही. तुम्हीही आजच लिहा : किती महिने, किती तोटा, त्यापुढे थांबायचं. कागदावर घरच्यांचीही सही घ्या.

३. मोजणी. जेवढे डोंगरावर गेले तेवढे खाली आले का, हे आयोजक मोजतो. एक जरी कमी भरला, तरी शोध सुरू. आपल्याकडे ही मोजणी म्हणजे उधारीची वही. किती माल बाहेर गेला आणि किती पैसे परत आले, हे दर आठवड्याला जुळवा. दिवाळीला एकदम हिशोब करायला बसलात, तर हरवलेला माणूस सापडत नाही.

४. सोडलं तर कळवा. शर्यत सोडणं हा गुन्हा नाही. पण न सांगता घरी गेलात, तर बचाव पथक रात्रभर तुम्हाला डोंगरात शोधत बसतं. हप्ता चुकणार असं दिसलं, की त्याआधीच बँकेत जाऊन साहेबांशी बोला. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला, की कर्ज एनपीए होतं आणि मग बोलणं अवघड होतं. फोन बंद करून बसणं सगळ्यांत महागात पडतं.

आता म्हणाल, “सर, सुरुवातीलाच अपशकुन कशाला?” अहो, किल्ला कुठं पळून जात नाही. माणूस धडधाकट खाली आला, तर पुढच्या वर्षी पुन्हा चढेल. धंद्याचंही तसंच आहे. भांडवल शिल्लक असलेला माणूस दुसरा डाव मांडू शकतो.

आज रात्री वहीचं एक पान घ्या आणि चार ओळी लिहा : राखीव रक्कम, थांबायची तारीख, उधारी जुळवायचा वार, अडचण आली तर आधी कुणाला सांगायचं त्याचं नाव. तुमचा धंदा कोणता आणि थांबायची तारीख कोणती ठरवली, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.