समुदाय महाविद्यालयातील गणिताचे मार्ग : आरे वसाहतीच्या संदर्भात एक विचार

समुदाय महाविद्यालय, ज्यास व्यवहारात कम्युनिटी कॉलेज म्हणतात, भारतात 1995 साली पुदुच्चेरी विद्यापीठाच्या उपक्रमाने प्रथम अवतरले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात त्यास चालना दिली. शाळा आणि रोजगार ह्यांच्या मधल्या ह्या पायरीवर येणाऱ्या विद्यार्थ्यास गणित कोणते शिकवावे, ह्या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. एक, सर्वांस एकच बीजगणितप्रधान क्रम असावा. दुसरे, ज्याच्या त्याच्या व्यवसायापुरता हिशेब पुरे. पहिल्याने विद्यार्थी वाटेतच गळतो. दुसऱ्याने तो जेथे आहे तेथेच राहतो.

पहिल्या उत्तरातील दोष अमेरिकेत स्पष्टपणे दिसून आला. तेथे कच्च्या ठरलेल्या विद्यार्थ्यांना पायाभूत बीजगणिताचे वर्ग एकामागून एक पार करावे लागत. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाच्या तीन समुदाय महाविद्यालयांत अशा विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी करून केलेला प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. जादा तासाची जोड देऊन ज्यांना थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्रास बसविले त्यांपैकी सुमारे 56 टक्के उत्तीर्ण झाले. तशीच जोड देऊन पायाभूत बीजगणितास बसविलेल्यांत हे प्रमाण सुमारे 45 टक्के होते. कार्नेगी प्रतिष्ठानाने 2011 च्या सुमारास सुरू केलेले संख्याशास्त्राचे व परिमाणविचाराचे स्वतंत्र मार्ग ह्याच विचारातून निघाले होते.

दुसऱ्या उत्तराचा धोका महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. माध्यमिक शालान्त परीक्षेसाठी बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ घेण्याची मुभा काही वर्षे होती. 2010 च्या दशकाच्या अखेरीस नव्या अभ्यासक्रमाबरोबर ती संपली. सोपा मार्ग मिळाला, परंतु त्या मार्गावरून विज्ञानशाखेकडे वळता येत नव्हते. सारांश, मार्ग निराळे असावेत, पण त्यांतील एकही आंधळी गल्ली नसावी.

हे साधावे कसे, ह्याचा विचार एखाद्या ठिकाणास अनुलक्षून केल्यास अधिक स्पष्ट होतो. गोरेगावची आरे वसाहत 1949 साली स्थापन झाली. शहरातील गोठे बाहेर नेऊन मुंबईस शुद्ध दूध पुरवावे, हा तिचा हेतू होता. तिचे शिल्पकार दारा खुरोडी ह्यांनीच टोन्ड दुधाची कल्पना रूढ केली. आज तेथे वारल्यांसह आदिवासींचे पाडे आहेत, तसेच तबेल्यांच्या आश्रयाने राहिलेली हिंदी भाषक कुटुंबेही आहेत. अशा परिसरातील महाविद्यालयात दुग्धव्यवसायाचा अभ्यासक्रम असल्यास गणिताचा आरंभ दुधापासून करणे स्वाभाविक ठरेल.

समजा, म्हशीच्या 100 किलो दुधात 6 टक्के फॅट व 9 टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरणारे घनपदार्थ, आहेत. टोन्ड दुधास फॅट 3 टक्के व एसएनएफ 8.5 टक्के लागतात. फॅट निम्मे करावयाचे, म्हणून एकूण दूध 200 किलो होईल. त्यात 17 किलो एसएनएफ हवे. मूळ दुधात 9 किलो आहे. उरलेले 8 किलो भुकटीतून यावे. भुकटीत 95 टक्के एसएनएफ धरल्यास ती सुमारे 8.42 किलो लागेल आणि बाकीचे पाणी. येथवर त्रैराशिक पुरते. परंतु त्या भुकटीत 1 टक्का फॅटही आहे असे धरताच दूध कमी करावे लागते, दूध कमी केले की एसएनएफ घटते, आणि ते भरून काढण्यास पुन्हा भुकटी वाढवावी लागते. दोन अज्ञात राशी परस्परांत गुंततात आणि विद्यार्थी एकसामयिक समीकरणांपाशी येऊन ठेपतो. 200 किलोंसाठी दूध 98.57, भुकटी 8.56 व पाणी 92.87 किलो, हे उत्तर समीकरणे थेट देतात. बीजगणित येथे बाहेरून लादले जात नाही. कामाची अडचणच त्याची मागणी करते.

भाषेचा प्रश्नही येथेच उभा राहतो. ‘प्रमाण’ हा शब्द तर्कशास्त्रात पुरावा, शासनव्यवहारात मानक, गणितात दोन गुणोत्तरांची समानता आणि बोलण्यात नुसते परिमाण दर्शवितो. दुधाच्या ‘प्रमाणीकरणात’ त्यांपैकी मानकाचा अर्थ आहे, पण कृती मात्र गुणोत्तराची आहे. ‘अंश’ म्हणजे अपूर्णांकातील वरची संख्या, कोनाचे वा तापमानाचे माप, आणि ‘स्निग्धांशा’तील भागही. मराठीतील ‘गुणोत्तर’ हिंदीत ‘अनुपात’ होते आणि ‘सरासरी’ ‘औसत’ होते. विद्यार्थी चुकला तर त्यास गणित आले नाही की शब्द कळला नाही, हे परीक्षेने ओळखले पाहिजे. उलट सव्वा, दीड, अडीच हे शब्द दोन्ही भाषकांच्या तोंडी असतात. अपूर्णांकांच्या अध्यापनास तेथून प्रारंभ करता येईल.

ह्यावरून मार्गाची आखणी अशी सुचते. पहिल्या सत्रात सर्वांस गुणोत्तर, टक्केवारी, मापन व आलेख, तेही परिभाषेच्या स्पष्टीकरणासह. दुसऱ्या सत्रात व्यवसायानुसार शाखा : दुग्धव्यवसायास मिश्रणे व समीकरणे, आरोग्यसेवेस संख्याशास्त्र, लेखाकर्मास व्याज व अंदाजपत्रक. प्रत्येक शाखेच्या अखेरीस पदवीच्या गणिताकडे नेणारा, श्रेयांकांसह मान्य असा एक सेतुपाठ. हा सेतू ऐच्छिक असावा, पण तो अस्तित्वात असलाच पाहिजे. कारण अठराव्या वर्षी निवडलेला व्यवसाय हा विद्यार्थ्याच्या बुद्धीची सीमा ठरविण्याचा अधिकार अभ्यासक्रमास देत नाही.