महाराष्ट्र राज्याचे पहिले मंत्रिमंडळ : आरंभीचे धोरण व समस्या

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३–२५ नोव्हेंबर १९८४) त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्रीय संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीस गेले. राज्याच्या प्रशासनाची व राजकारणाची पुढील अनेक वर्षांची घडण या सुमारे अडीच वर्षांतील निर्णयांनी ठरविली.

राष्ट्रप्रमुखाची पारख पहिल्या शंभर दिवसांवरून करण्याची रीत अमेरिकेत फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या १९३३ मधील कारकिर्दीपासून रूढ झाली. तेथे नवा राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतील कौल घेऊन येतो आणि त्याच्याबरोबर वरिष्ठ अधिकारी व सल्लागारही बदलतात. महाराष्ट्रातील परिस्थिती याच्या उलट होती. राज्य नवे होते. पण मुख्यमंत्री, विधानसभा व सचिवालय ही सर्व जुनीच होती. चव्हाण १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि नव्या राज्याची विधानसभा म्हणजे १९५७ मध्ये निवडून आलेल्या सभेतून गुजरातचे सदस्य वजा जाता उरलेली सभा होती. त्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा पराभव केला होता. कुलाबा जिल्ह्यातील पनवेलसारख्या मतदारसंघातून समितीचा घटक असलेल्या शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील विजयी झाले होते. काँग्रेसची सत्ता टिकली ती गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या बळावर. त्यांपैकी गुजरात आता वेगळा झाला होता. ज्या मागणीसाठी शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले, ती मागणी दीर्घकाळ नाकारणाऱ्या पक्षाच्याच हाती नवे राज्य आले होते. मंत्रिमंडळापुढील मूळ अडचण हीच होती : बहुमत हाती होते, पण जनतेची मनःपूर्वक संमती अजून मिळवावयाची होती.

विदर्भाची संमती सर्वांत अनिश्चित होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचे ते स्थान गेले होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर सही करणाऱ्यांत चव्हाण स्वतः होते. शासकीय खर्च, नोकऱ्या व शिक्षणाच्या सोयी यांत विदर्भ-मराठवाड्यास न्याय्य वाटा देण्याचे, तसेच काही काळ शासनाचे वास्तव्य नागपुरात ठेवण्याचे आश्वासन त्यात होते. त्यानुसार १९६० च्या नोव्हेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला भरले व ही प्रथा पुढे चालू राहिली. उच्च न्यायालयाचे खंडपीठही तेथे होते. तथापि अधिवेशन भरविणे जितके सोपे, तितके विकासखर्चाचे न्याय्य वाटप सोपे नव्हते. त्यासाठी लागणारे वैधानिक मोजमाप या काळात निर्माण झाले नाही. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचा अंदाज ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक दिला आणि वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये आली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते बापूजी अणे नागपूरमधून निवडून आले, यावरून करारावरील विश्वास तेथे कितपत बसला होता, हे दिसते.

सामाजिक क्षेत्रातील पहिला महत्त्वाचा निर्णय नवबौद्धांविषयी होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांच्या अनुसूचित जातींच्या सवलती बंद झाल्या होत्या. कारण केंद्राच्या आदेशानुसार त्या ठराविक धर्मीयांपुरत्याच होत्या. धर्म बदलल्याने दारिद्र्य व अस्पृश्यतेचा जाच संपत नाही, हे उघड सत्य मान्य करून राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राने हीच गोष्ट १९९० मध्ये केली. महार वतने रद्द करणारा कायदा द्वैभाषिकाच्या काळात, १९५८ मध्येच झाला होता. अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफी देण्याची योजनाही त्याच काळातील. ती जातीवर नव्हे, तर उत्पन्नावर आधारलेली होती. १,२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना महाविद्यालयाचे दार तिच्यामुळे खुले झाले, आणि ग्रामीण भागातील पहिली पदवीधर पिढी बव्हंशी या सवलतीवर शिकली. कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झाले.

राज्यकारभाराची भाषा मराठी करावयाची तर परिभाषा हवी, म्हणून जुलै १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले; त्याच वर्षी नोव्हेंबरात लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ अस्तित्वात आले. मराठी विश्वकोशाचे काम या मंडळाने हाती घेतले. राजभाषा अधिनियम मात्र १९६४ चा आहे.

या मंत्रिमंडळाचा सर्वांत दूरगामी निर्णय जिल्हा परिषदांचा होय. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली आणि १९५९ मध्ये राजस्थान व आंध्र प्रदेश यांनी ती अंमलात आणली. मेहता समितीचा भर विकासगटाच्या पातळीवरील पंचायत समितीवर होता. महाराष्ट्राने १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिने मार्च १९६१ मध्ये दिलेल्या अहवालात मुख्य घटक जिल्हा असावा, असे मत मांडले; कारण तज्ञ कर्मचारी, निधी व योजना पेलण्याची ताकद जिल्ह्याच्या पातळीवरच संभवते. जिल्हाधिकारी परिषदेबाहेर ठेवून भारतीय प्रशासन सेवेतील स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्यावा आणि आमदार-खासदारांना परिषदेचे सदस्यत्व नसावे, या तिच्या दोन शिफारशी विशेष धाडसाच्या होत्या. ब्रिटिश अमदानीपासून जिल्ह्याचा सर्वेसर्वा असलेल्या अधिकाऱ्याकडून प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, रस्ते व लहान पाटबंधारे ही कामे निर्वाचित मंडळाकडे जाणार होती. १९६१ चा अधिनियम १ मे १९६२ पासून अंमलात आला. पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील लोकल बोर्डे व शाळा मंडळे, विदर्भातील जनपद सभा आणि मराठवाड्यातील वेगळी व्यवस्था यांच्या जागी एकच पद्धती आली. तीन राज्यांतून आलेले प्रदेश प्रशासनाच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने एक झाले ते या कायद्याने, असे म्हणता येईल. या परिषदांतून राज्याला नेत्यांची नवी फळी मिळाली. मात्र साखर कारखाना, जिल्हा बँक व परिषद यांवर अनेक ठिकाणी तीच घराणी बसली, ही टीकाही निराधार नाही.

शेतजमिनीच्या कमाल धारणेचा १९६१ चा अधिनियम २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. बारमाही पाण्याच्या जमिनीस १८ एकर, तर जिरायतीस प्रदेशपरत्वे कमाल १२६ एकरांपर्यंत मर्यादा ठेवली गेली. ही मर्यादा सैल होती. १९७५ मध्ये ती ५४ एकरांपर्यंत खाली आणावी लागली. खाजगी साखर कारखान्यांची मोठी ऊसक्षेत्रे मात्र या कायद्याखाली आली व त्यांच्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले. सहकारी संस्थांच्या १९६० च्या अधिनियमाने प्रवरानगरच्या वाटेने जाणाऱ्या कारखान्यांना एकसारखा कायदा मिळाला. कोकणातील भातशेतीचे तुकडे लहान असल्याने या दोन्ही कायद्यांचा लाभ तेथे अल्पच झाला.

कोकणाच्या उत्तर भागावर परिणाम झाला तो औद्योगिक धोरणाचा. मुंबईत एकवटलेले कारखाने बाहेर नेण्यासाठी १९६१ चा औद्योगिक विकास अधिनियम झाला व १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. जमीन संपादन करून रस्ते, पाणी व वीज यांसह भूखंड तयार करणे हे त्याचे काम. कोयना प्रकल्पाची वीज याच वर्षी मिळू लागली होती. उद्योग मुंबईबाहेर गेले, पण प्रथम फार दूर गेले नाहीत. ठाणे–बेलापूर पट्टा व पुढे पनवेल तालुक्यातील तळोजे यांचा विकास या महामंडळाने केला. भूसंपादनाचा प्रश्न याच भागात तीव्र झाला. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला. त्यातूनच विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याची योजना पुढे आली. १९६१ च्या कायद्यात अशा वाट्याचा विचार नव्हता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पुनर्वसनाबरोबरच न्यायालयीन चौकशीला शासनास सामोरे जावे लागले. तरीही १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. राज्य मिळाल्यानंतर समितीत फूट पडली होती, हे या यशाचे एक कारण. पनवेलची जागा मात्र शेतकरी कामगार पक्षाकडेच राहिली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले व चव्हाणांना दिल्लीचे बोलावणे आले. त्यांच्यानंतर मारोतराव कन्नमवार व १९६३ च्या डिसेंबरापासून वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. दोघेही विदर्भातील होते. बेळगाव, कारवार व निपाणी भागांचा प्रश्न मात्र तसाच मागे राहिला. त्यासाठी १९६० मध्ये महाराष्ट्र व म्हैसूर यांची चार सदस्यांची समिती नेमली गेली होती. तिच्यात एकमत झाले नाही. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा पुढील वर्षीचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.